लॅपटॉप हँग झाल्यावर, फॉरमॅटच्या आधी

चालू असलेला लॅपटॉप अचानक गोठतो तेव्हा काम तीनपैकी एका ठिकाणी अडलेले असते: एखाद्या प्रोग्रॅममध्ये, विंडोजसारख्या मूळ प्रणालीत, किंवा यंत्राच्या एखाद्या भागात. पडद्यावरून मात्र तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. चित्र जागच्या जागी, बाण हलेना, कितीही बटणे दाबली तरी उत्तर नाही. उपाय तिन्हींचे वेगळे असल्याने काम नेमके कुठे अडले हे आधी ठरवावे लागते. गावोगावी मिळणारा ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला नेमकी हीच पायरी गाळतो, आणि म्हणूनच तो अनेकदा वाया जातो. फॉरमॅटने पंख्यातला कचरा निघत नाही, झिजलेली हार्ड डिस्क नवी होत नाही. पुसले जातात ते फोटो, हिशेब आणि अर्जांच्या पावत्या.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या मोठ्या गावात ही अडचण एका घरापुरती राहत नाही. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा ही सगळी कामे आता संगणकावरून होतात. खरीप विम्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर संपते. राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा देऊ केला तेव्हा अर्जांची संख्या एकदम वाढली. ती सवलत पुढे २०२५ मध्ये बंद झाली, तरी मुदतीआधीच्या दिवसांत सेवा केंद्रातला एकुलता एक लॅपटॉप अडला की बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांचेच काम अडते. दुरुस्तीसाठी मेहकर किंवा खामगाव गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. दोष ओळखण्याची निदान पहिली पायरी ज्याच्या त्याला यायला हवी, ती यासाठी.

गोठलेल्या लॅपटॉपसमोर सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे थांबणे. विंडोजमधली एखादी खिडकी सुमारे पाच सेकंद कोणत्याही इशाऱ्याला प्रतिसाद देत नसेल, तर प्रणाली तिच्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’ असा शिक्का मारते आणि तिचा रंग फिका होतो. याचा अर्थ प्रोग्रॅम मेला असा नाही. मोठी एक्सेल फाइल उघडताना किंवा शंभर पानांचे पीडीएफ तयार करताना तो फक्त कामात गर्क असू शकतो. तो गर्क आहे की कायमचा अडकला आहे, हे लॅपटॉपला स्वतःला खात्रीने सांगता येत नाही, आणि त्यामागे गणिती कारण आहे. दिलेला कोणताही प्रोग्रॅम कधीतरी संपेल की अखंड फिरत राहील, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. म्हणून विंडोज निर्णय वापरणाऱ्यावर सोपवते: वाट पाहायची की प्रोग्रॅम बंद करायचा. हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल किंवा आतून घरघर ऐकू येत असेल, तर पाच-दहा मिनिटे वाट पाहण्यात शहाणपण आहे. या वेळात बटणे बडवत राहिल्यास प्रत्येक दाब रांगेत जमा होतो आणि मोकळा होताच लॅपटॉप ते सगळे आदेश एकामागून एक पाळू लागतो.

थांबूनही फरक पडला नाही तर कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रणालीचा गाभा अजून जागा आहे आणि दोष एखाद्या प्रोग्रॅममध्ये किंवा पडद्याचे चित्र रंगवणाऱ्या भागात आहे. दिवा अजिबात बदलत नसेल, तर अडथळा खोलवर आहे असे समजावे. कॅप्स लॉकला दिवाच नसलेली काही मॉडेल आहेत. तिथे आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळा वापरून हीच परीक्षा घेता येते.

काही वेळा लॅपटॉप मुळात अडकलेलाच नसतो. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना गोल चक्र फिरत राहते, तेव्हा बहुधा पलीकडचा सर्व्हर गर्दीने दमलेला असतो. दुसरी खिडकी उघडून नोटपॅडमध्ये दोन अक्षरे उमटतात का, हे पाहिले की खरे काय ते कळते. उमटत असतील तर लॅपटॉप बंद-चालू करून काही साधत नाही, उलट भरलेला अर्ज जातो. दुसरा चकवा टचपॅडचा. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसते किंवा तुटलेले असते. अशा सॉकेटला चार्जर लावला की लॅपटॉपच्या पत्र्यावर हलकी झिणझिणी जाणवते, टचपॅडला बोटाचा स्पर्श नीट कळत नाही, बाण उड्या मारतो किंवा जागचा हलत नाही. चार्जर काढून बॅटरीवर चालवताच बाण सुरळीत झाला, तर बोलवायचा तो वायरमन, संगणकवाला नव्हे. याच जातीचा तिसरा प्रकार सरळ फसवणुकीचा आहे. ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी किंवा ऑल्ट आणि एफ-४ दाबून ब्राउझर बंद करावा. कुणी फोन करून पैसे गमावले असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. वेळ जितका कमी गेला असेल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खरेच अडकलेल्या प्रोग्रॅमसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात अडलेला प्रोग्रॅम निवडून ‘एंड टास्क’ केले की तो एकटाच बंद होतो. बाकीचे काम वाचते. खालची पट्टी आणि डेस्कटॉप गोठले असतील, तर यादीतील ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करावे. पडदा गोठला पण गाणे किंवा व्हिडिओचा आवाज सुरूच आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. एक बीप ऐकू येते, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइलींना यात धक्का लागत नाही. ही चार कळांची युक्ती माहीत असलेली माणसे फार थोडी भेटतात, हे खेदाचे आहे.

यापैकी काहीच चालले नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. हे त्रिकूट आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीसाठी रचले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करावे लागू नये एवढाच त्याचा हेतू होता. आजच्या विंडोजमध्ये हा इशारा इतर कोणत्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही, तो थेट गाभ्याकडे जातो. त्यालाही उत्तर आले नाही तर प्रणालीच बसलेली आहे, आणि पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही. न जतन केलेले काम त्यात जाते. पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ असे लिहिलेले असेल, तर मात्र तासभर लागला तरी बटणाला हात लावू नये.

प्रणाली आतून कशी अडते हे समजण्यासाठी पांदण रस्त्याचे उदाहरण पुरेसे आहे. अरुंद पांदणीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या आणि कुणीही मागे सरेना, तर दोन्ही गाड्या धडधाकट असून वाट बंद होते. संगणकात दोन कामे एकमेकांच्या ताब्यातील गोष्टीची वाट पाहू लागली की हेच घडते. याच्या जवळची, पण थोडी वेगळी अडवणूक भल्याभल्यांनाही चुकलेली नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले नासाचे पाथफाइंडर यान काही दिवसांतच आपोआप पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. हवामानाच्या नोंदी घेणारे एक कमी महत्त्वाचे काम सामायिक माहितीमार्ग अडवून बसायचे, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबायचे. यानावरचा पहारेकरी टायमर हा खोळंबा पाहून सगळी प्रणाली नव्याने सुरू करायचा. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच दोष घडवून आणला, कारण शोधले आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. वारंवार रीस्टार्ट करत बसण्यापेक्षा दोष कोणत्या परिस्थितीत उमटतो हे शोधणे, ही त्यांची पद्धत घरच्या लॅपटॉपलाही जशीच्या तशी लागू पडते.

एकदाच हँग झालेल्या लॅपटॉपची फार चिंता करू नये. तो वारंवार हँग होऊ लागला, तर कारणे बहुधा चार: अपुरी मेमरी, थकलेली डिस्क, उष्णता आणि वीज.

मेमरी आणि डिस्क यांचा विचार एकत्रच करावा लागतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ११, ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, अँटिव्हायरस आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी चालू केले की रॅम भरते. मग प्रणाली रॅममधला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सेकंदाचा शंभरावा. म्हणजे फरक लाखपटीचा. ही ने-आण एका मर्यादेपलीकडे गेली की संगणक सगळा वेळ सामान हलवण्यातच घालवतो आणि खरे काम जवळपास शून्यावर येते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या अवस्थेचे विश्लेषण मांडले होते. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा रकाना सतत १०० टक्के दाखवत असेल, तर बहुधा हेच चालले आहे असे समजावे. टॅब कमी करणे, लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम ‘स्टार्टअप’मधून बंद करणे, एकाच वेळी दोन अँटिव्हायरस न ठेवणे आणि सी ड्राइव्हवर निदान दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवणे, इतके केल्याने तात्पुरता आराम पडतो. खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच करावा. रॅम वाढवण्याआधी मात्र ती बदलता येण्याजोगी आहे की बोर्डावर पक्की झाळलेली, हे पाहून घ्यावे. अलीकडच्या अनेक पातळ मॉडेलांत ती झाळलेलीच असते.

डिस्क मंद असणे वेगळे आणि मरायला टेकलेली असणे वेगळे. तबकडीवरचा एखादा भाग खराब झाला की डिस्क तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि तोवर सगळा लॅपटॉप थिजून राहतो. ठरावीक फोल्डर उघडतानाच लॅपटॉप अडकणे आणि आतून टिक-टिक आवाज येणे ही त्याची लक्षणे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेली आरोग्याची नोंद वाचून दाखवतो. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आले तर पहिले काम माहितीची प्रत दुसरीकडे काढण्याचे. अनेक जण या टप्प्यावर ‘चेक डिस्क’ची पूर्ण तपासणी सुरू करतात. ती तपासणी डिस्कचा कोपरा न् कोपरा तासन्‌तास वाचत राहते, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच बंद पडू शकते. प्रत आधी, तपासणी नंतर.

उष्णता हा विदर्भातला खास विषय आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या सभोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत गृहीत धरतात. बुलढाणा शहर डोंगरमाथ्यावर असल्याने काहीसे थंड असले, तरी जिल्ह्याच्या खालच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि टिनाच्या छताखाली तो आणखी चढतो. प्रोसेसरचे आतले तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग एकदम उतरवतो. त्यानेही भागले नाही तर लॅपटॉप तडकाफडकी बंद होतो. सकाळी व्यवस्थित चालणारा लॅपटॉप दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने अडखळू लागला, पंखा जोरात ओरडू लागला आणि तळ हाताला चटका देऊ लागला, तर संशय उष्णतेवरच घ्यावा.

पंखा थंड हवा आत ओढतो, तशी धूळही ओढतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हवेत तरंगणारे भुसकट, कपाशीचे तंतू आणि रस्त्याची बारीक माती पंख्यामागच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांत जाऊन बसते आणि तिथे नमद्यासारखा थर जमतो. पंखा फिरत राहतो, पण हवा बाहेर पडत नाही. सफाईसाठी लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, तळाचे झाकण उघडता येत असेल तर उघडावे आणि ब्लोअरने थोडा थोडा वारा मारावा. पंख्याची पाती काडीने धरून ठेवणे आवश्यक आहे. वाऱ्याने ती भरमसाट वेगाने फिरली की बेअरिंग खराब होते. तीन-चार वर्षे वापर झाला असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही बदलून घ्यावी, पण हे काम जाणकाराच्या हातून. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवला की तळाच्या जाळ्या झाकल्या जातात. साधी लाकडी पाटी खाली घातली तरी फरक दिसतो.

विजेबाबत लोकांचा रोख कमी दाबावर असतो. प्रत्यक्षात लॅपटॉपचा ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे रब्बीत शेतपंप सुरू झाल्यावर दाब घसरला तरी त्याला फारसे बिघडत नाही. नुकसान होते ते झटक्यांनी, ढिल्या सॉकेटमधल्या ठिणग्यांनी आणि सर्वांत जास्त मेलेल्या बॅटरीमुळे. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपला वीज गेल्याचे कळतही नाही. बॅटरी संपल्यावर ‘डायरेक्टवर चालतो की’ म्हणून तो तसाच वापरला जातो, आणि मग वीज जाईल तितक्या वेळा तो मध्येच बंद पडतो. विंडोजची फाइल व्यवस्था अशा धक्क्यातून आपला सांगाडा सावरून घेते, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. ती विंडोजचीच असेल, तर काही दिवसांनी लॅपटॉप कारण नसताना गोठू लागतो. हा दोष फॉरमॅटने जातो, पण बॅटरी तशीच राहिली तर पावसाळ्यातल्या एका महिन्यात परत येतो. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलले गेले असेल किंवा त्याची क्लिक दबत नसेल, तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करून बॅटरी बदलून घ्यावी. ती टोचू वा दाबू नये. आग लागू शकते.

बाहेरून जोडलेली उपकरणेही गोत्यात आणतात. सेवा केंद्रातल्या लॅपटॉपला प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम आणि इंटरनेटचा डोंगल असा गोतावळा असतो. सगळे काढून लॅपटॉप सुरू करावा आणि एकेक जोडत जावे. ज्याने तो अडतो, त्याचा ड्रायव्हर काढून कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा.

दोष कधी उमटला याची नोंद विंडोज स्वतः ठेवते. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केल्यावर उघडणाऱ्या तक्त्यात तारीखवार लाल फुल्या दिसतात, आणि त्याच दिवशी कोणता प्रोग्रॅम किंवा अपडेट बसवला होता तेही. पहिली फुली ज्या दिवशी पडली, त्याच्या आदल्या दिवशीचा बदल मागे घेऊन पाहावा. त्याने भागले नाही तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावे आणि पुढच्या पर्यायांतून सेफ मोड निवडावा. सेफ मोडमध्ये फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. तिथे लॅपटॉप तासभर सुरळीत चालला, तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा आहे. तिथेही गोठला, तर संशय यंत्रावर किंवा मूळ प्रणालीवर. खराब झालेल्या मूळ फाइली ‘सिस्टिम फाइल चेकर’ तपासून दुरुस्त करतो, आणि रॅमची परीक्षा ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ घेतो. ही दोन्ही साधने विंडोजमध्येच असतात, वेगळे पैसे लागत नाहीत.

एवढे सगळे होऊनही लॅपटॉप अडत राहिला, तर फॉरमॅटची वेळ खरोखर आली. त्याआधी माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये माहिती कुलूपबंद करण्याची सोय मालकाच्या नकळत चालू असते. तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, ती आधी कागदावर उतरवून ठेवावी. विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, म्हणून नव्याने तीच प्रणाली बसवण्यात अर्थ उरलेला नाही. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हलकी पडते, मात्र अंगठ्याचे यंत्र आणि प्रिंटर तिच्यावर चालतात का, हे आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून तपासून घ्यावे.

नवी प्रणाली बसवल्यावर पहिले काही तास दुसरे काहीही न टाकता लॅपटॉप चालू ठेवावा. कोऱ्या प्रणालीवरही तो गोठला आणि रॅम व डिस्क दोन्ही निर्दोष निघाल्या, तर दोष बहुधा मदरबोर्डचा. पाच-सहा वर्षांच्या लॅपटॉपला त्या दुरुस्तीचा खर्च क्वचितच परवडतो. त्यातली चांगली एसएसडी मात्र वाया घालवू नये. काढून घेऊन बाहेरच्या कव्हरमध्ये बसवली की यूएसबीने दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते.